अननस, सुरी आणि गुळगुळीत बोटं

“बाबा, अननस आपण खातो, की अननस आपल्याला खातो?”

भर दुपारी, दुकानासमोर गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना हा प्रश्न आला, आणि रसाचं यंत्र सोडून बाकी सगळं थांबलं. बाबांच्या हातातला ग्लास अर्धाच भरला. रांगेत पुढे उभ्या असलेल्या कंडक्टरकाकांनी तोंडातला घोट गिळावा की नाही, याचा विचार केला. बाकावर बसलेल्या दोन मुली एकमेकींना चिमटे काढत होत्या, कारण पैज त्यांनीच लावली होती. “एवढी धीट झालीस ना? मग रांगेसमोर विचारून दाखव!”

विचारणारी होती मालकांची मुलगी. केस डोक्यावर उभे बांधते, ते अगदी अननसाच्या तुऱ्यासारखे दिसतात, म्हणून घरीदारी सगळे तिला तुरा म्हणतात. मागच्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत जायचा नाही. या वर्षी ती एका वक्तृत्वस्पर्धेत उभी राहिली, बोलली, आणि तेव्हापासून थांबलेलीच नाही.

आणि मी? मी त्या वेळी एका अननसाच्या पोटात होते. घाबरू नका मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. पोटात शिरणं हा माझा धंदाच आहे.

जन्माने मी लोखंडाची, नशिबाने फळांची. आधी मी एका मालट्रकच्या चाकावरचा पाटा होते. खड्डे सोसून सोसून अंगात कणखरपणा मुरला होता. ट्रक भंगारात गेला आणि मी एका लोहाराच्या भट्टीत आले. त्याने मला लालबुंद तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं, आणि “आता जरा शहाण्यासारखी वाग” असं म्हणत लाकडाची मूठ बसवली. बाजारात मांडलेल्या सुऱ्यांमध्ये मी सर्वांत काळी होते. चकचकीत सुऱ्या भराभर विकल्या गेल्या. मी आपली पडून.

मग एक बाई आली. तीच तुराची आई. तेव्हा तुरा जन्मलीही नव्हती. आईने मला उचललं, धार पाहायला अंगठ्यावरून अलगद आडवं फिरवलं आणि म्हणाली, “दिसायला काळी आहे, पण बोलते बरं का!” मला तो स्पर्श आजही आठवतो. तिच्या अंगठ्यावरच्या रेषा मला बारीक कानशीसारख्या लागल्या होत्या. सुरीला कानस लागली की कसे अंगावर रोमांच उभे राहतात, ते तुम्हाला नाही कळायचं.

दुकान नवं होतं. फक्त अननसाचं. कापलेला अननस आणि अननसाचा रस, तिसरं काही नाही. कामाची वाटणीही ठरलेली होती. बाबा बोलणार, आई कापणार. बाबांचं बोलणं म्हणजे काय सांगू! यंत्राला वीज लागते, बाबांना तीही लागत नाही. “या, या! एक ग्लास घ्या, पोटाचं गाऱ्हाणं इथेच सोडून जा! सर्दी पळेल, सांधे हलतील, चेहरा खुलेल!” आई त्यांच्या मागे, लाकडी फळीपाशी, काही न बोलता कापत असायची.

पण कापायची कशी! आधी अननसाचा तुरा उडवायचा. मग बूड. अननस उभा करून सालीचे पट्टे काढायचे, अगदी पातळ, कारण सालीलगतचा गर सर्वांत गोड. त्यामुळे डोळे मागे राहतात. अननसाचे डोळे म्हणजे ते तपकिरी टोचरे ठिपके. ते तिरक्या रांगेत बसलेले असतात. आई माझं टोक त्या रांगेवर तिरकं धरून खाच पाडायची आणि अननस हातात फिरवत राहायची. डोळ्यांची अख्खी माळ एका झटक्यात सुटून यायची. उरलेल्या पिवळ्या गरावर वर चढत जाणारा गोल जिना तयार व्हायचा. “वहिनी, तुम्ही कापता की कोरता?” असं लोक विचारायचे. स्तुती आईची व्हायची, पण मित्रांनो, खरं सांगते, ताठ मी व्हायचे.

हे सगळं ती उघड्या हातांनी करायची. एकदा रबरी हातमोजे आणले होते. रसाने ते बुळबुळीत झाले, अननस निसटला आणि थेट बाबांच्या पायावर पडला. बाबा एका पायावर नाचले, आई हसून हसून खाली बसली, आणि हातमोजे खिळ्याला लटकले ते लटकलेच.

मध्ये माझ्यावरही वाईट दिवस आले. बाबांनी अननस सोलायचं यंत्र आणलं. दांडा फिरवला की गोल चकत्या बाहेर. मला खणात टाकलं, तेही रसाने ओली असताना. अननसाचं आम्ल आणि साधं लोखंड यांचं फारसं जमत नाही. माझ्या अंगावर गंज चढला. अंधारात पडल्या पडल्या मी बाहेरचं ऐकायचे. यंत्र जाड साल काढून गर वाया घालवत होतं आणि तरी डोळे मागेच ठेवत होतं. “घशात टोचतंय हो!” अशा तक्रारी येऊ लागल्या. एक दिवस आईने खण उघडला, मला ओल्या वाळूने खसाखसा घासलं, तेल लावलं आणि म्हणाली, “चल गं, रुसवा पुरे.” मी तर रुसलेच नव्हते. पण कोणी समजूत घालत असेल तर मध्येच कशाला थांबवायचं?

तर, त्या दुपारी बाबांनी ग्लास पूर्ण भरला आणि हसत उत्तर दिलं.

“आपण खातो बेटा, आपण! बत्तीस दात आपल्याला आहेत, त्याला नाहीत!”

रांग हसली. तुरा हटली नाही. “मग खाल्ल्यावर जीभ का चरचरते?”

“साफ होते म्हणून!”

“माझी रोज साफ होते,” कंडक्टरकाका म्हणाले, “आता झिजायची वेळ आलीये.”

“काका, तुम्ही पण?” बाबा रंगात आले होते. “अहो, अननस माणसाला खात नाही, घडवतो. पुरावा हवाय? अगं, हात दाखव जरा! बघा मंडळी, आमच्या घरच्या गृहमंत्र्यांची बोटं. इतकी वर्षं अननस कापतायत, आणि बोटं कशी? लोण्यासारखी! बायका काय काय चोपडत बसतात. आमच्याकडे फुकटात!”

हा बाबांचा नेहमीचा डाव होता. आई लाजायची, बोटं पुढे करायची, बायका ती चाचपून बघायच्या आणि एक ग्लास जास्त विकला जायचा. पण त्या दिवशी आईने हात पुढे केला नाही. माझ्या मुठीभोवती तिची मूठ आणखी घट्ट झाली. “रांग मोठी आहे,” एवढंच बोलून तिने पुढचा अननस ओढला.

पैज जिंकल्याचा आनंद तुराच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरला. तिने आईच्या हाताकडे पाहिलं.

ऊन कलल्यावर दुकान रिकामं झालं. बाबा बर्फ आणायला गेले. मैत्रिणी घरी गेल्या. आईने मला धुतलं, पुसलं, पात्यावर तेलाचा हात फिरवला आणि फळीवर ठेवलं. तुरा शेजारी बसून चाळा म्हणून माझ्या पात्यावर अंगठा टेकवत होती. तेलावर तिचा ठसा उमटला. गोल गोल रेषा, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा.

“आई, बघ ना, किती भारी उमटतोय! तुझा दे.”

“चल, कामं पडलीत.”

“दे गं, एकदाच!” तिने आईचा अंगठा धरला आणि माझ्या पात्यावर दाबला.

काहीच उमटलं नाही. म्हणजे डाग उमटला. अंड्याच्या आकाराचा, कोरा, गुळगुळीत डाग. तुराने पुन्हा दाबला. तर्जनी दाबली. मधलं बोट दाबलं. कोरे डाग एका ओळीत. आईचा हात रोज माझ्या अंगावरून फिरत होता. लोण्यासारखा लागतो, हे मलाही आवडायचं. कानस कधी गेली, ते मला समजलंच नव्हतं.

“आई, तुझ्या रेषा कुठायत?”

आईने हात पदराला पुसला. मग दाराशी बाबांची चाहूल नाही याची खात्री करून ती बसली.

“परवाना कार्यालयात गेले होते ना, त्या दिवशी रांग मोठी होती म्हणून परत आले असं सांगितलं तुम्हाला. रांग नव्हती. गाडीची परीक्षा मी पास झालेय. वळण, चढ, मागे घेणं, सगळं. शेवटी यंत्रावर अंगठा ठेवायचा होता. ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. मागची माणसं चुळबुळ करायला लागली. तो कारकून म्हणतो, बाई, तुम्हाला अंगठाच नाही.” आई हसायचा प्रयत्न करत होती. “लोकांना सही येत नाही म्हणून ते अंगठा देतात. मला सही येते गं, अंगठा येत नाही.”

तुराला आधी हसू फुटलं. मग तिने आईचे डोळे पाहिले आणि ते तिथेच विरलं.

आईला छोटा टेम्पो चालवायचा होता. घाऊक बाजारात स्वतः जाऊन, वास घेऊन, बुडाशी दाबून अननस निवडायचे होते. बाबा पटपट बोलून कच्चे उचलून आणतात. पण तेवढंच कारण नव्हतं. तिला चालवायचंच होतं. मोकळ्या मैदानात ती शिकली, तेव्हा दुकानात येऊन कापतानाही तिचे पाय खाली क्लच दाबत असायचे. मी बघितलंय.

“मग आता?”

“तो म्हणाला, काही आठवडे हात कोरडा ठेवा, अननसाला लावू नका, रेषा परत येतील. पण शिकाऊ परवान्याची मुदत हंगाम संपायच्या आत संपतेय. आणि हंगामात मी कापलं नाही तर दुकान कसं चालणार?” आईने मला उचलून खिळ्याला अडकवलं. “पुन्हा पहिल्यापासून सगळं करायची माझी हिंमत नाही, तुरा. राहू दे. बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटेल, त्यांच्या फळाला नाव ठेवतेय.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तुरा मैत्रिणींना घेऊनच दुकानात शिरली. विज्ञानाच्या बाईंना तिने मधल्या सुट्टीत गाठलं होतं आणि सुट्टी संपेपर्यंत सोडलं नव्हतं. बाकावर बसून ती सांगत होती, आणि मी आईच्या हातात कापता कापता कान टवकारले होते. सुरीला कान नसतात, हे माहीत आहे मला. तरी.

“अननसात ब्रोमेलेन नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं,” तुरा म्हणाली. “ते प्रथिनं तोडतं. म्हणून पचनाला मदत होते असं म्हणतात. पण आपली जीभ, आपली कातडी, ती पण प्रथिनांचीच ना! म्हणून जीभ चरचरते. बाई म्हणाल्या, आपण त्याला खात असतो तेव्हा तो पण आपल्याला थोडासा चाखत असतो.”

“ई!” चष्मा लावणारी मैत्रीण ओरडली. “म्हणजे माझी जीभ संपणार?”

“नाही गं बावळट, तोंड लगेच बरं होतं. आपण दोन फोडी खातो. पण कोणी दिवसभर, रोज, वर्षानुवर्षं त्या रसात हात घालत असेल तर? वरची कातडी भरून यायला वेळच मिळत नाही.”

“म्हणजे अननस वाईट?” दुसरी म्हणाली.

“कोण म्हणतंय? त्यात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असतं, मँगनीज असतं, चोथा असतो. पण रस गाळला की चोथा जातो आणि साखर तेवढीच राहते, म्हणून मधुमेहवाल्यांनी ग्लासांवर ग्लास मारायचे नाहीत. आम्लपित्त असेल तर रिकाम्या पोटी नाही. दातांवर आम्ल बसतं, म्हणून नंतर चूळ भरायची. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि कच्चा अननस तर खायचाच नाही, पोट बिघडतं.”

रांगेतले कंडक्टरकाका वळले. “पोरी, साखर आहे मला. मी रोज दोन ग्लास पितोय. तुझे बाबा म्हणाले, जितका घ्याल तितका गुण.”

“काका, डॉक्टरांना विचारा. आणि तोपर्यंत रस नको, दोन फोडी खा. चावून.”

काकांनी फोडी घेतल्या. बाबांनी रिकामा ग्लास उचललेला होता, तो तसाच खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी इतका लांबट कधी पाहिला नव्हता. रांग संपेपर्यंत ते कमी बोलले, आणि शेवटचं गिऱ्हाईक जाताच तुराकडे वळले.

“माझ्या दुकानात, माझ्याच फळाची बदनामी? उद्या लोक येणार नाहीत!”

“काका उद्या येतील बाबा. आजारी पडले तर नाही येणार.”

“तू दोन भाषणं काय केलीस, स्वतःला मोठी समजायला लागलीस!”

एक वर्षापूर्वी एवढ्यावर तुरा आत पळून गेली असती. तिचे डोळे भरले, पण पाय हलले नाहीत. तिने मला आईच्या हातातून घेतलं, पात्यावर तेल फिरवलं आणि बाबांसमोर धरलं.

“अंगठा टेकवा.”

“काय खुळेपणा आहे?”

“टेकवा ना बाबा. प्लीज.”

बाबांनी टेकवला. त्यांचा ठसा स्वच्छ उमटला, रेष न् रेष. वीस वर्षं नुसतं बोलण्याचं काम केलेला अंगठा तो. तुराने आईकडे पाहिलं. आई नको नको म्हणत होती, पण हात मागे घेतला नाही. तिचा अंगठा बाबांच्या ठशाशेजारी टेकला आणि उचलला गेला. कोरा डाग.

तुराने परवाना कार्यालयाचं सगळं सांगितलं. लाल दिवा, कारकून, मुदत. बाबा माझ्या पात्याकडेच पाहत होते. मग त्यांनी आईची बोटं हातात घेतली. नेहमी गिऱ्हाइकांना दाखवायला घ्यायचे, तशी नाही. उलटसुलट करून, उजेडाकडे धरून, हळू.

“मी लोकांना दाखवत होतो गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, मऊ झालीत.”

“मलाही तेच वाटायचं,” आई म्हणाली. “त्या यंत्रावर ठेवेपर्यंत.”

त्यांनी आईची बोटं सोडली नाहीत. मग म्हणाले, “हंगाम संपू दे, मग...”

“मुदत आधी संपतेय,” आई म्हणाली. “आणि मला चालवायचीय हो. मला खरंच चालवायचीय.”

“पण मग कापणार कोण? यंत्र डोळे ठेवतं. माणूस ठेवायचा तर शिकवायला वेळ नाही.”

मित्रांनो, मी एक साधी सुरी. मला बोलता आलं असतं तर त्या क्षणी एकच सांगितलं असतं. जे आपल्या अंगाला लागतं ते फळ असो, औषध असो की काम असो, त्याचा गुण जेवढ्या कौतुकाने सांगता, तेवढ्याच मोकळेपणाने त्याचा त्रासही विचारत जा. आणि विचारायचं ते ज्याचा हात त्यात रोज बुडतो त्याला. धार गेली तर मला पुन्हा धार लावता येते. माणसाच्या हाताला फक्त विसावा लावता येतो. आईचा हात सुटला तर मला दुसऱ्या कुणाच्या हातात जावं लागेल, कदाचित पुन्हा खणातही. चालेल मला. गंज घासून निघतो.

पण मला बोलता येत नाही. तुराला येतं. तिने खिळ्यावरचे ते जुने रबरी हातमोजे काढले, झटकले, आतली धूळ फुंकली आणि मला त्यांच्यावर ठेवून बाबांच्या पुढ्यात सरकवलं. मग आई आणि बाबा, दोघांनाही समोर बाकावर बसायला लावून ती स्वतः उभी राहिली.

“ऐका, मी ठरवलंय. उद्यापासून बाबा कापणार, हातमोजे घालून. निसटलं तर हळू कापायचं, वाकडं झालं तर वाकडं खपेल. शाळेनंतर काउंटरवर मी उभी राहणार, आणि गिऱ्हाइकाला फायदे सांगेन तसे तोटेही सांगेन, विचारो अथवा न विचारो. आणि आई, यंत्रावर हिरवा दिवा लागेपर्यंत तू या दुकानात अननसाला बोटसुद्धा लावायचं नाहीस. तू फक्त स्टिअरिंग धरायचं.”